औषध आहे, वेळ गाठायला हवी

'एक्स्ट्राऑर्डिनरी मेजर्स' (२०१०) या सत्यकथेवर आधारित चित्रपटातील बाप मुलांच्या आजारावर औषध शोधण्यासाठी कंपनी काढतो. आजार पॉम्पे. एका एन्झाइमअभावी स्नायूंत ग्लायकोजेन साठते. हृदय, श्वास दुबळा होतो. २००६ पासून हे एन्झाइम शिरेतून देता येते, पण ते महाग आणि आयुष्यभराचे.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील पालकांना कंपनी काढायची नाही, वेळ गाठायची आहे. बाळ लुळे वाटते, मान धरत नाही, दूध ओढताना धापते? 'अशक्तपणा आहे' म्हणून थांबू नका. जिल्हा रुग्णालयात दाखवा. मुंबईचे केईएम रुग्णालय दुर्मीळ आजारांचे मान्यताप्राप्त केंद्र आहे. तेथून केंद्र सरकारची ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. आयुष्यभराच्या उपचाराला ती अपुरी. म्हणूनच निदानातला एकही महिना वाया जाऊ नये.