ओला कचरा घरातच जिरवा

आपल्या शहरांतल्या कचऱ्यात जवळपास निम्मा वाटा ओल्याचा: भाजीची देठं, केळ्याची सालं, चहाचा चोथा. कचरा डेपोतल्या ढिगाखाली हवा मिळत नाही, म्हणून हा कचरा कुजताना मिथेन सुटतो, आणि मिथेन पेट घेतो. जानेवारी 2016 मध्ये मुंबईतला देवनारचा कचरा डेपो पेटला, तेव्हा धूर शहरभर पसरला होता. हे टाळायचं तर ओल्या कचऱ्याचं घरीच खत करा. घरी खत केलं तर घाण वास येतो, ही तक्रार खरी. पण दोष कचऱ्याचा नाही, साचलेल्या पाण्याचा आहे. भोकं पाडलेल्या माठात प्रत्येक थरावर मूठभर सुका पालापाचोळा टाका, अधूनमधून हलवा. हवा खेळली की वास जातो. घरात जागा नसेल, तर सोसायटीत सामाईक खड्डा करा. दोन-तीन महिन्यांत काळंभोर, भुसभुशीत खत हाती येतं.