गुना याला : प्रदेश एक, नावं तीन

लिटरेचर रिव्ह्यू करताना सर्चमध्ये फक्त 'गुना याला' टाकलंत, तर बरेच जुने पेपर तुमच्या हाती लागणारच नाहीत. पनामाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरची ही पट्टी आधी 'सान ब्लास' होती, 1998 मध्ये 'कुना याला' झाली आणि 2011 मध्ये 'गुना याला'. त्यामुळे तिन्ही नावं शोधा.

हा एक 'कोमार्का', म्हणजे आदिवासींचं स्वशासन असलेला विभाग. लांबी सुमारे 370 किलोमीटर, रुंदी मात्र अगदीच कमी. मागे जंगलाचे डोंगर, पुढे साडेतीनशेहून जास्त बेटं. त्यातल्या जेमतेम पन्नासेक बेटांवर लोक राहतात, तेही दाटीवाटीने. शेती मुख्य भूमीवर, म्हणजे शेतात जायचं तर होडीतून.

ही स्वायत्तता कुणी दान दिलेली नाही. 1903 मध्ये पनामा कोलंबियापासून फुटला आणि पुढे नव्या सरकारने गुनांना 'सुधारायला' घेतलं. बायकांचे मोला (रंगीत कापडाचे थर कापून-शिवून केलेली पोलकी) आणि नाकातली सोन्याची रिंगसुद्धा नको! फेब्रुवारी 1925 मध्ये गुनांनी उठाव केला आणि मार्चमध्ये अमेरिकेच्या मध्यस्थीने तह झाला. 1938 मध्ये कोमार्का स्थापन झाला आणि 1953 च्या कायद्याने त्याच्या अंतर्गत कारभाराला मान्यता मिळाली.

याचा तुमच्या संशोधनाशी थेट संबंध आहे. स्मिथसोनियनचं प्रवाळ संशोधन केंद्र इथे वीसेक वर्षं चाललं, पण गुनांच्या काँग्रेसची संमती उरली नाही आणि 1998 मध्ये ते बंद झालं. प्रपोजलमध्ये परवानगीचा रकाना आपण शेवटी घाईघाईत भरतो. इथे सुरुवातच तिथून होते.

आता सगळ्यात गुंतागुंतीचा भाग. जून 2024 मध्ये गार्डी सुगडुब बेटावरच्या सुमारे 300 कुटुंबांना मुख्य भूमीवर नवी घरं मिळाली. बातम्यांनी कारण एकच दिलं : समुद्राची वाढती पातळी. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. बेटावर जागा उरली नव्हती, म्हणून स्थलांतराची मागणी गावानेच आधीपासून लावून धरली होती. शिवाय या भागात पिढ्यानपिढ्या प्रवाळ काढून बेटांच्या कडा भरल्या गेल्या (2003 मध्ये गुझमान आणि सहकाऱ्यांनी यावर पेपर लिहिला) आणि लाटा अडवतं ते तेच प्रवाळ. मग 'स्थलांतराचं कारण' हा व्हेरिएबल तुम्ही कसा मोजाल? आणि काही कुटुंबं तर बेट सोडून गेलेलीच नाहीत; सॅम्पलमध्ये तीही हवीत.