ट्रॅक्टरवरील दिवा आणि मंदावलेलें इंजिन

सन २०२४ च्या मृगांतील गोष्ट सांगतों. दोन पाऊस होऊन रानाला उत्तम वाफसा आला होता. पुतण्या रोटाव्हेटर लावून शेतांत उतरला आणि तासाभरांत परत आला. म्हणाला, "नाना, इंजिन दमतंय. रान लागलं की गुदमरतं." तीन दिवसांपासून डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागत होता, हें मला तेव्हां कळलें. डोळ्यांवर येतो म्हणून पठ्ठ्यानें त्यावर चिकटपट्टी लावून ठेविली होती! मिस्त्री येण्यास दोन दिवस लागले; तोंवर ऊन पडून वाफसा उडाला आणि पेरणी पुढील पावसावर गेली. मीं आयुष्यभर गणित शिकविलें, यंत्रशास्त्र नव्हे. परंतु त्या दोन दिवसांचा हिशेब मनास लागून राहिला, म्हणून या विषयाची माहिती करून घेतली.

प्रथम दिव्याचा रंग पाहावा. तांबडा दिवा ही आज्ञा होय, पिवळा ही सूचना. तेलाच्या किटलीचें चित्र तांबडें झालें, तर ऑईलचा दाब पडला असें समजून इंजिन जागच्या जागीं बंद करावें. बांधापर्यंत नेण्याचाहि मोह धरूं नये. बॅटरीचा दिवा लागला, तर पंख्याचा पट्टा पाहावा. पुष्कळ ट्रॅक्टरांत त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप चालतो, म्हणून पट्टा तुटला कीं पाठोपाठ इंजिन तापतें. तापलेल्या रेडिएटरचें झांकण उघडूं नये, हें सांगावयास नको. तरी दरवर्षीं कोणी ना कोणी भाजून घेतोच.

पिवळा दिवा लागून जोर ओसरला, तर बहुधा इंजिनाला हवा तरी कमी पडते किंवा डिझेल तरी. यांतील कोणतें, हें धूर सांगतो. काळा धूर म्हणजे डिझेल आहे, पण तें जाळण्यापुरती हवा नाहीं. तेव्हां एअर फिल्टर उघडावा. कागदी फिल्टर दगडावर आपटूं नये. आंतून बाहेर, बेताच्या दाबाची हवा मारावी. धूर काळा नाहीं, इंजिन रिकामें चांगलें चालतें, पण भार येतांच बसतें, असें असेल तर डिझेलच्या वाटेंत अडथळा आहे.

आमचें दुखणें हेंच होतें. फिल्टरखालील वाटींत पाणी सांठतें, कारण तें डिझेलपेक्षां जड असतें. पाण्यांतून वीज वाहते, डिझेलमधून जवळजवळ नाहीं. त्यामुळें वाटींतील दोन टोंकांना पाणी टेकलें कीं दिवा लागतो. तळाचा स्क्रू सैल करून स्वच्छ डिझेल येईपर्यंत तें काढून टाकावयाचें, एवढेंच काम! पांच मिनिटांचें. आमच्या पिंपाचें बूच पावसांत उघडें राहिलें होतें.

एक चमत्कारिक कारण आणखी आहे. टाकीच्या झांकणाचें बारीक छिद्र चिखलानें बुजलें, तर डिझेल जाईल तशी आंत पोकळी होते व अर्ध्या तासानें इंजिन मरूं लागतें. झांकण सैल करतांच फुस्स असा आवाज येऊन इंजिन सुधारलें, तर मिस्त्रीची गरज नाहीं.

आतां नव्या ट्रॅक्टरांविषयीं. धुरासंबंधींचे कडक नियम ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून लागू झाले, आणि अशा पुष्कळ इंजिनांत डिझेल किती सोडावें हें छोटा संगणक ठरवितो. त्याला दोष दिसला कीं इंजिन वांचविण्यासाठीं तो स्वतःच जोर कमी करितो. अशा वेळीं अधिक रेस देऊन कांहीं होत नाहीं. दिव्याबरोबर आंकडा दिसत असेल, तर तो लिहून घेऊन मिस्त्रीस फोनवर सांगावा. तो योग्य सामान घेऊन निघेल.

जुन्या इंजिनांत फिल्टर बदलल्यावर नट सैल करून हातपंपानें हवा काढतात. तीच संवय नव्या इंजिनाच्या इंजेक्टरकडे जाणाऱ्या जाड नळ्यांवर चालवूं नये. तेथें हजार वातावरणांहून अधिक दाब असतो, आणि सुईसारखी बारीक धारहि कातडी भेदून आंत शिरते. तेवढ्या नळ्या मिस्त्रीसाठीं सोडाव्या. टाकी मात्र रोज संध्याकाळीं भरून ठेवावी, म्हणजे रात्रीं रिकाम्या जागेंत दंव धरून पाणी होत नाहीं.