भिंतीला लागलेला रोग

ओल्या भिंतीवर नुसत्या पाण्यात कालवून लावलेला रंग शतकानुशतकं टिकतो कसा, असं एका वाचकानं विचारलं आहे. उत्तर फ्लॉरेन्सच्या ब्रांकाची चॅपेलमध्ये सापडतं. तिथे मासाच्चोनं १४२५च्या सुमारास आदम आणि हव्वा यांची नंदनवनातून झालेली हकालपट्टी रंगवली. आदमनं दोन्ही हातांनी तोंड झाकलंय, हव्वेचं तोंड आक्रोशानं वासलंय.

शाळेत चुन्याच्या निवळीत नळीनं फुंकर मारली की ती दुधाळ व्हायची. भिंतीवर तेच घडतं, फक्त सावकाश. गिलाव्यातला ओला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कॅल्शियम कार्बोनेट बनतो आणि रंगाचे कण त्या स्फटिकांत कायमचे कोंडले जातात. म्हणून चित्रकार दिवसभरात रंगवून होईल तेवढाच गिलावा चढवत.

पुढे १६८०च्या सुमारास आदम-हव्वेची नग्नता खटकली आणि दोघांच्या कमरेवर पानं रंगवली गेली. पण ती सुक्या भिंतीवर! १९८०च्या दशकातल्या सफाईत पानं निघाली, मासाच्चोचं काम शाबूत राहिलं.

या चित्रांचा खरा वैरी सल्फेट. ओलीबरोबर ते भिंतीत शिरतं, कार्बोनेटचं जिप्सम करतं. जिप्समला जागा जास्त लागते, त्यामुळे रंगाचे पोपडे सुटतात. ४ नोव्हेंबर १९६६ला आर्नो नदीचा पूर फ्लॉरेन्समध्ये घुसला आणि शहरातल्या कितीतरी भिंती ओल पिऊन बसल्या. जिप्समच्या या रोगावरचा इलाज तिथल्या विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ एन्झो फेरोनी यांनी चित्रसंवर्धक दिनो दिनी यांच्या साथीनं काढला. मासाच्चोवर ग्रंथच्या ग्रंथ निघाले. फेरोनींचं नाव मात्र संवर्धकांच्या वर्तुळाबाहेर फारसं कुणी घेत नाही. मला हा अन्याय वाटतो, कारण त्यांची युक्ती विलक्षण देखणी आहे.

कागदाच्या लगद्यात अमोनियम कार्बोनेट भिजवून त्याचा लेप भिंतीला लावायचा. जिप्समचं पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतं, पण मागे अमोनियम सल्फेट उरतं आणि ते पाण्यात विरघळणारं, म्हणजे रोग परतण्याची भीती. मग दुसरा लेप बेरियम हायड्रॉक्साइडचा. तो सल्फेटला पकडून बेरियम सल्फेट बनवतो, आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. अमोनिया वायू होऊन उडून जातो. उरलेलं बेरियम हायड्रॉक्साइड भिंतीतल्या कार्बोनेटपासून थोडा ताजा चुना तयार करतं, तो पुन्हा हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि सुटत चाललेला रंग भिंतीला नव्यानं धरून ठेवतो.