बाटलीवरील स्थळनाम

फ्रान्समधील बोर्दो येथील लाल वाइनच्या बाटलीवर ठळकपणे दिसते ते स्थळाचे नाव. द्राक्षाच्या जातीचे क्वचितच. पण जाणत्याला स्थळावरून जात उमगते. जिरोंद खाडीच्या डाव्या तीरावर मेदोकची जमीन गोट्यांची. ती पाणी धरीत नाही, ऊब मात्र धरते. म्हणून उशिरा पिकणारे, जाड सालीचे काबर्ने सोव्हिन्यों तेथे साधते. त्याची वाइन तुरट, सावकाश मुरणारी. दोर्दोन्य नदीच्या उजव्या तीराकडील पोमरोलची चिकण माती थंड. तेथे लवकर पिकणाऱ्या मर्लोचे प्राबल्य, आणि वाइन मृदू. दोन्हीकडे जातींचे मिश्रण बहुधा असते. प्राधान्य कोणास, हे माती ठरविते. हे न जाणता कोवळी मेदोक उघडणाऱ्याच्या पदरी, मोठी किंमत मोजूनही, तुरटपणाच यावयाचा! थांबण्याची तयारी असेल त्यानेच ती निवडावी.