आधी चार घास, मग चहा
पित्त का होतं, ताटात काय बदलायचं आणि दवाखान्यात कधी जायचं



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. बचत गोळा झाली, वही मिटली, आणि मी सहज विचारलं, "पित्ताचा त्रास कुणाकुणाला आहे?" बारा जणी बसल्या होत्या, नऊ हात वर झाले. एक मावशी म्हणाल्या, "ताई, कुणाला नाही ते विचारा, लवकर उरकंल." सगळ्या हसल्या.

हसणं थांबल्यावर कोपऱ्यात बसलेल्या एक ताई बोलल्या. त्यांची कंबर वर्षभरापासून दुखते. रोज सकाळी चहाबरोबर उपाशीपोटी दुखण्याची गोळी घ्यायच्या. गोळीनं छातीत जळजळ व्हायला लागली, म्हणून पित्ताची दुसरी गोळी सुरू केली. दोन्ही दुकानातून, कुणाला न विचारता. शौचाला काळं व्हायला लागलं तेव्हाही गप्प राहिल्या, असलं कुणाला सांगायचं? एक दिवस रानात खुरपताना चक्कर येऊन पडल्या. दवाखान्यात कळलं की जठरात जखम झाली होती आणि आतल्या आत रक्त जात होतं. आता त्या बऱ्या आहेत. मला म्हणाल्या, "नाव टाकू नका, पण लिहा."

म्हणून हा लेख. दसरा झाला की कापूस वेचणी जोरात येईल, ऊसतोडीच्या टोळ्या निघतील आणि आपल्या खाण्याच्या वेळा पार बिघडतील. त्याआधी हे वाचा. गटात जिला वाचता येत नाही तिला वाचून दाखवा.

पित्त म्हणजे नेमकं काय?

आपल्या जठरात अन्न पचवायला एक आम्ल तयार होतं. ते चांगलंच तीव्र असतं. जठराला आतून बुळबुळीत अस्तर असतं, म्हणून ते जठराला सहसा भाजत नाही. पण जठराच्या वर जी अन्ननलिका आहे, तिला असं जाड अस्तर नाही. दोन्हीच्या मध्ये एक झडप असते. घास खाली गेला की ती मिटते. ही झडप सैल पडली, किंवा पोट गच्च भरून खालून दाब आला, की आम्ल वर येतं. मग छातीत जळजळ, आंबट ढेकर, तोंडाला कडू-आंबट पाणी, कधी घशात खवखव आणि रात्री कोरडा खोकला. यालाच आपण आम्लपित्त म्हणतो.

मात्र आपण 'पित्त' हा एकच शब्द तीन-चार दुखण्यांना वापरतो. अंगावर लाल गांधी उठून खाज सुटते, तेही पित्त. ती बहुतेक वेळा ॲलर्जी असते, तिचं औषध वेगळं. अर्धं डोकं ठणकतं, उजेड सहन होत नाही, उलटी होते, तेही पित्त. ती बऱ्याचदा अर्धशिशी असते. म्हणून दवाखान्यात नुसतं "पित्त झालंय" असं सांगू नका. कुठं दुखतं, कधी दुखतं, खाल्ल्यावर वाढतं की उपाशी असताना, हे सांगा. डॉक्टरांना नेमकं कळेल.

आणखी एक सवय आपल्याकडे घरोघरी आहे. मिठाचं पाणी प्यायचं, घशात बोटं घालायची आणि "पित्त पाडायचं". उलटीत पिवळं-हिरवं पडलं की बरं वाटतं. पण ते पिवळं-हिरवं म्हणजे आजार नव्हे. तो यकृतात तयार होणारा पित्तरस आहे, तेलातुपाचं पचन करायला तो शरीराला लागतो. उलटी करताना आम्ल घशातून वर येतं, अन्ननलिका सोलवटते, दात झिजतात. बीपी असेल तर मिठाचं पाणी आणखी वाईट. ही सवय सोडाच.

आपला दिवस कसा जातो ते बघा

पहाटे पाचला उठणं. उपाशीपोटी चहा. झाडलोट, पाणी, डबे, लेकरांची शाळा. परत एक चहा. रानात गेल्यावर अकरा-बाराला पहिला घास, तोही ठेचा-भाकरी, घाईघाईत, आणि लगेच वाकून काम. संध्याकाळी परत चहा. रात्री सगळ्यांची ताटं झाल्यावर नऊ-दहाला आपलं ताट. दिवसभराची भूक असते, म्हणून पोट भरून जेवतो. भांडी घासली की लगेच आडव्या होतो.

जठर काही आपण जेवायची वाट बघत बसत नाही. आम्ल थोडंफार तयार होतच राहतं. वरून उपाशीपोटी चहा गेला की अनेकींना जळजळतं. आणि रात्री भरल्या पोटी आडवं झालं की आम्लाला वर यायला रस्ता मोकळा मिळतो. उभं असताना वजनामुळं अन्न खाली राहतं, झोपलं की तो आधार जातो.

म्हणजे पित्त फक्त तिखटानं होत नाही. सगळ्यांच्या शेवटी आणि उशिरा जेवायची जी रीत आपण घालून घेतलीय, तिचाही यात मोठा वाटा आहे. मीही यातून सुटलेली नाही. गावभेटीला सकाळी न खाता निघायचे, आणि पाच घरी पाच चहा व्हायचे. दुपारपर्यंत छातीत आग. आता पिशवीत भाकरी-भाजीचा डबा असतो आणि तिसऱ्या घरी मी सरळ पाणी मागते.

ताटात आणि वेळेत काय बदलायचं?

यातल्या कशालाही वेगळा पैसा लागत नाही.

१. सकाळी चहाआधी चार घास खा. रात्रीची अर्धी भाकरी ताकात कुस्करून, एखादं केळं, मूठभर ज्वारीच्या लाह्या किंवा मुरमुरे, काहीही चालेल. चहा दिवसात दोन कपांवर आणा.

२. दोनदा गच्च जेवण्यापेक्षा थोडं थोडं तीन-चार वेळा खा. पोटात थोडी जागा राहू द्या. घास चावून खा.

३. रात्रीचं जेवण आणि झोप यात दोन ते तीन तास ठेवा. आठला जेवलं तर दहा-साडेदहाला झोपता येतं. त्यासाठी घरच्यांबरोबर एकाच पंगतीला बसा. सासूबाई, लेक, सून, सगळ्या. यावर घरात बोलावं लागेल, ते बोला.

४. सोसतं ते जास्त ठेवा. ज्वारीची भाकरी, मुगाची डाळ, खिचडी, दोडका, दुधी, भोपळा, पालेभाजी, पपई, आंबट न झालेलं ताक. तळलेलं, जास्त तेलाचं, भजी-वडे, लोणचं, फार तिखट ठेचा कमी करा. पण प्रत्येकीचं शरीर वेगळं. एकीला टोमॅटो बाधतो, दुसरीला तूरडाळ. म्हणून पंधरा दिवस बचतीच्या वहीसारखी नोंद ठेवा. काय खाल्लं, किती वाजता, जळजळ झाली का? आपल्याला काय बाधतं हे तुमचं तुम्हालाच कळेल. जे बाधत नाही ते उगीच सोडू नका. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांना रक्त कमी आहे, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलंय. पित्ताच्या नावाखाली डाळ आणि पालेभाजी सुटली तर अशक्तपणा वाढेल.

५. उपवासाला दिवसभर कोरडं राहून रात्री साबुदाणा खिचडी, तळलेली बटाट्याची कापं आणि चार चहा, हा पित्ताला सगळ्यात सोपा रस्ता. भगर, राजगिरा, फळं, ताक असं थोडं थोडं खा. गरोदर ताई, शुगरची गोळी घेणाऱ्या ताई यांनी उपवासाआधी डॉक्टरांना किंवा आशाताईंना विचारा.

६. मिश्री आणि तंबाखू सोडा. तंबाखूनं ती मधली झडप सैल पडते. मिश्रीनं पोट साफ होतं म्हणून लावतो, पण त्याच मिश्रीनं छातीत जळतं आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका असतो तो वेगळाच.

७. परकराची नाडी करकचून बांधू नका. पोटावर दाब आला की आम्ल वर चढतं. जेवल्याबरोबर वाकून खुरपण, धुणं, सारवण नको. अर्धा तास बसून करायची कामं करा.

८. रात्री त्रास होत असेल तर बाजेच्या उशाकडच्या दोन पायांखाली विटा ठेवून ती बाजू सहा ते आठ इंच उंच करा. जमिनीवर झोपत असाल तर गोधडीची घडी पाठीपासून डोक्यापर्यंत उताराची घाला. नुसत्या उंच उशीनं मान वाकते, फायदा होत नाही. डाव्या कुशीवर झोपलं तरी आराम पडतो.

टोळीबरोबर जाणाऱ्या ताईंसाठी

फडात वेळ आपल्या हातात नसते, हे मला माहीत आहे. पहाटे तीनला उठून भाकऱ्या थापायच्या आणि अंधारात कोयता घ्यायचा. तरी दोन गोष्टी जमतील. पहिली भाकरी तव्यावरून उतरली की तिच्यातला चतकोर तुम्ही तिथंच खा. फडक्यात लाह्या किंवा राजगिऱ्याचे लाडू बांधून ठेवा आणि मोळ्या बांधताना मध्ये तोंडात टाका. आणि आडोसा नाही म्हणून पाणी प्यायचं टाळू नका. पाणी कमी पडलं की शौचाला कडक होतं, लघवीला जळजळ होते, दुखणी वाढतात.

गोळ्यांबद्दल नीट समजून घ्या

अंगदुखीच्या ज्या गोळ्या आपण सर्रास घेतो, त्यातल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अशा गोळ्या जठराचं अस्तर कमकुवत करतात. उपाशीपोटी आणि रोज घेतल्या तर जखम होऊन रक्तस्राव होऊ शकतो. कोपऱ्यातल्या ताईंचं हेच झालं. अशी गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानं, खाल्ल्यानंतर आणि थोडेच दिवस घ्यायची. दुकानदाराला नाव विचारा, पाकीट जपून ठेवा. बीपीच्या, हृदयाच्या गोळ्या मात्र मनानं बंद करू नका.

पित्ताच्या ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल या गोळ्या साधारण जेवणाआधी अर्धा तास घ्यायच्या असतात. त्या चांगल्या आहेत, पण वर्षानुवर्षं मनानं घ्यायच्या नाहीत. फार काळ घेतल्या तर काहींना बी-१२ कमी पडतं, लोहही नीट अंगी लागत नाही. खायचा सोडा आणि फसफसणारी पावडर यात सोडियम असतं. रोज घेऊ नका, बीपी असेल तर टाळाच. थंड दुधानं थोडा वेळ बरं वाटतं, पण काहींना नंतर आम्ल आणखी वाढतं.

एक गोष्ट मला अभ्यासात वाचून नवल वाटलं होतं. जठराची जखम तिखटानं आणि काळजीनं होते असं पूर्वी डॉक्टरही मानायचे. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन या दोन डॉक्टरांनी दाखवलं की पुष्कळदा त्यामागं एक जंतू असतो. पटवून द्यायला १९८४ साली मार्शल यांनी तो जंतू स्वतः पिऊन दाखवला आणि आजारी पडले. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. आपल्यासाठी याचा अर्थ सोपा आहे. त्रास पुन्हा पुन्हा येत असेल तर तपासणी करून घ्या. जंतू निघाला तर ठरावीक दिवसांच्या औषधानं तो जातो, जन्मभर गोळी लागत नाही.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

शौचाला डांबरासारखं काळं, चिकट होणं. उलटीत रक्त किंवा चहाच्या चोथ्यासारखं काही पडणं. घास अडकणं. कारण नसताना वजन उतरणं. सारखी उलटी. आठवड्यातून दोन-तीनदा, असं महिनाभर जळजळणं. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाला काळसर होतं, म्हणून घाबरू नका, पण दाखवा. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा गेवराईच्या सरकारी दवाखान्यात जा. दुर्बिणीची तपासणी लागली तर ते पुढं पाठवतील.

आणि हे लक्षात ठेवा. छातीवर दगड ठेवल्यासारखं दडपण, दरदरून घाम, धाप, दुखणं जबड्यात, पाठीत किंवा डाव्या हातात जाणं, हे पित्त नसून हार्ट ॲटॅक असू शकतो. बायकांना कधी कधी नुसती मळमळ आणि थकवाच येतो. सोडा पाजत बसू नका. १०८ ला फोन करा.

आपल्या दशसूत्रीत आरोग्य हेही एक सूत्र आहे. बैठकीत कर्ज आणि परतफेडीचा हिशोब होतो, तसा पुढच्या बैठकीत दोन मिनिटं एक प्रश्न घ्या: "आज सकाळी काय खाऊन आलीस?" मी आले की मलाही विचारा. आणि कुणी मैत्रीण खाली बघून गप्प राहिली, तर बैठक झाल्यावर तिच्याजवळ जाऊन बसा.