शब्द वहीत, चाल गळ्यात

श्रावणात नागपंचमीनंतरचा रविवार आला की खान्देशात घरोघर कानबाईची मांडामांड सुरू होते. चौरंगाला केळीचे खांब बांधले जातात, नारळाला नथ आणि दागिने चढतात, पुरणाचा वास गल्लीभर पसरतो. रात्री बायका गाणी म्हणायला बसतात त्या पहाटेपर्यंत. सोमवारी सकाळी कानबाई डोक्यावर घेऊन नदीकडे निघायचे, तेही गाणी म्हणत आणि फुगड्या घालत. या रात्रीची तालीम कुणी ठरवून घेत नाही. तरीही एकीने ओळ उचलली की बाकीच्या तीच चाल धरतात. कुठे थांबायचे, कुठे ध्रुवपदावर यायचे, हे कुणाला सांगावे लागत नाही.

मग ही तालीम होते कधी? ती वर्षभर चाललेली असते. पूर्वी जात्यावर, शेतात निंदणीला, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्यावर आणि लग्नाच्या हळदीला. दळण गिरणीवर गेले, निंदणीच्या जागी तणनाशक आले, तेव्हा यातल्या निम्म्या बैठका न बोलता मोडल्या. कानबाईची रात्र शिल्लक राहिली, पण तिच्यामागचा सराव विरळ झाला. सामुदायिक गाणे टिकवायचे म्हणून आपण महोत्सव भरवतो, मंडप घालतो, मोठे स्पीकर लावतो. गाणे प्रत्यक्षात घडते ते त्याआधीच्या साध्या बैठकीत, आणि तिच्याकडे फारसे कुणी बघत नाही.

ती बैठक नीट पाहायची असेल तर जळगावात दिवाळीच्या आसपास यावे. कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ निघतो. हा रथोत्सव संत अप्पा महाराजांनी १८७२ साली सुरू केला. कार्तिक शुद्ध प्रतिपदेपासून रोज वहन निघते, आणि दहा दिवस जुने जळगाव टाळ-मृदंगाने जागे असते. रथाच्या चाकाखाली मोगरी लावणाऱ्यांचे कसब लोक डोळे भरून पाहतात. पुढे चालणाऱ्या भजनी मंडळींचे कसब मात्र बघण्यापेक्षा ऐकण्याचे असते, म्हणून ते सहज निसटते.

भजनी मंडळाचा सराव बहुधा देवळाच्या ओट्यावर किंवा कुणाच्या तरी ओसरीवर, रात्रीची जेवणे झाल्यावर बसतो. सुरुवात गाण्याने होत नाही. पखवाजवाला कणकेचा छोटा गोळा पाण्याच्या हाताने मळतो आणि डाव्या पुडीवर थापतो, बोटांनी पसरतो, एक थाप मारून ऐकतो, चिमूटभर काढतो, पुन्हा थाप मारतो. कणीक जास्त झाली तर आवाज बसतो, कमी झाली तर पोकळ वाजतो. तोवर पेटीवर पट्टीचा वाद रंगलेला असतो. पुरुषांना काळी एक सोपी, बायकांना काळी चार किंवा पाच. मिश्र मंडळ असेल तर कुणाला तरी वर चढावे लागते नाहीतर खाली उतरावे लागते. हा वाद चांगला. आवाज एकमेकांसाठी कुठे वाकवायचा, याचा निर्णय त्यातच होतो.

त्यानंतर टाळ. आठ मात्रांचा भजनी ठेका कागदावर अगदी सोपा दिसतो. पण वीस जोड्या टाळ एकाच क्षणी आपटणे फार अवघड. एकाचा टाळ केसभर मागे राहिला तरी नाद फुटतो, आणि काशाचा आवाज इतका टोकदार असतो की चूक झाकता येत नाही. म्हणून जुनी बुवामंडळी नवख्याला आधी टाळ देतच नाहीत. महिना-दोन महिने नुसते मागे म्हणायला बसवतात, मांडीवर हात आपटू देतात. ही पद्धत कडक वाटेल, पण तिच्यातून निघालेला टाळकरी पुढे आयुष्यभर हलत नाही.

वारीत तर चालणे हाच सराव असतो. तापी-पूर्णेच्या संगमाजवळच्या, मुक्ताईनगरलगतच्या कोथळीहून संत मुक्ताबाईंची पालखी पंढरपूरला जाते. मानाच्या सात पालख्यांपैकी ही एक. बुलढाणा, जालना, बीड असा महिनाभराहून जास्त पायी प्रवास. कोणत्या वाराला कोणते अभंग, पहाटे काय, दुपारी काय, हा क्रम ठरलेला आहे. पहिल्या मुक्कामाला नुसता ओठ हलवणारा पोरगा पंढरपूरजवळच्या वाखरीला पोचेपर्यंत चाल सांभाळू लागतो. इतक्या सलग तालमी शहरातल्या कोणत्याही वृंदाला मिळत नाहीत.

स्पर्धेची तयारी निराळी. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या भजन स्पर्धांमुळे कामगार कुटुंबांतल्या बायका-पुरुषांना मंच मिळाला, ही मोठी गोष्ट आहे. स्पर्धा म्हटली की घड्याळ आले, सूर-तालाबरोबर उच्चारही आला. अहिराणी आणि लेवा बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो; मळ्याचा मया, डोळ्याचा डोया. अभंग म्हणताना ‘ळ’ घोटून घ्यावा लागतो आणि तो घ्यावाच. पण हीच शिस्त कानबाईच्या गाण्यांना लावू नये. ती गाणी त्याच बोलीत जन्मली, तिच्या उच्चारावरच त्यांची लय बसलेली आहे. ‘ळ’ दुरुस्त करायला गेले की चाल लंगडते.

चाल किती सहज हरवते याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण जळगावचेच आहे. असोद्याला १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींनी घरात, शेतात, जात्यावर गाणी रचली. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर यांनी ती टिपून ठेवली, म्हणून १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने ती महाराष्ट्रासमोर आली. त्याआधीच्या वर्षी बहिणाबाई गेल्या होत्या. शब्द वाचले, हे महाराष्ट्राचे भाग्य. चाल वहीत उतरत नाही. आज त्यांची गाणी बहुतेकांच्या कानात आहेत ती १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटातल्या वसंत पवारांच्या चालींवर. त्या चाली सुंदर आहेतच. पण बहिणाबाईंच्या घरात घरोट, म्हणजे जाते, फिरताना ते शब्द कोणत्या सुरात उमटत होते, ते त्या वहीला सांगता येत नाही.

कागद जपण्यात धुळ्याने मात्र महाराष्ट्राला धडा घालून दिला आहे. शंकर श्रीकृष्ण देवांनी १८९३ साली तिथे सत्कार्योत्तेजक सभा काढली आणि मठामठांतून रामदासी हस्तलिखिते, बाडे गोळा केली. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांच्या मृत्यूनंतर १९२७ साली त्यांच्या दप्तरासाठी संशोधन मंडळ उभे राहिले. जुन्या पदसंग्रहांत पदाच्या डोक्यावर अनेकदा ‘चाल : अमुक पदाची’ एवढीच खूण असते. लिहिणाऱ्याच्या काळी ती पुरेशी होती, कारण ते अमुक पद गावातल्या प्रत्येकाला येत होते. आज ते पदही कुणाला येत नसेल, तर ती खूण मुकी होते.

जिथे चाली कागदावर उतरतात, तिथे ही अडचण येत नाही. एस्टोनियात १८६९ साली तार्तू शहरात पहिला गीत महोत्सव भरला. आजही साधारण दर पाच वर्षांनी हजारो गायक राजधानीत एकत्र येऊन गातात. तिथली गावोगावची गायकमंडळे छापील स्वरलिपीवरून आपापल्या ठिकाणी तयारी करतात आणि मग एकत्र येतात. आपली परंपरा कानावर चालते, त्यामुळे तिच्यात गावागणिक वळणे आली, हे तिचे वैभव. कागदवाल्यांकडे माणूस गेला तरी स्वरलिपी उरते. आपल्याकडे माणूस गेला की चाल गेली.

यंदा रथाच्या आणि पुढच्या वर्षी कानबाईच्या तयारीला प्रत्येक मंडळाने एवढे तरी करावे. सर्वांत ज्येष्ठ बाईला किंवा बुवांना शांत खोलीत बसवून त्यांच्या चाली मोबाइलवर ध्वनिमुद्रित कराव्यात. नुसते गाणे नको; ते कुणाकडून शिकले, कोणत्या गावचे, कोणत्या प्रसंगाचे, पट्टी कोणती, हेही त्यांच्याच तोंडून बोलून घ्यावे. धुळे-जळगावच्या ग्रंथालयांनी आणि विद्यापीठाने बाडांइतक्याच आस्थेने हे ध्वनिमुद्रण सांभाळावे. आणि सरावाच्या ओसरीवर दोन शाळकरी मुले जरूर बसवावीत, टाळ हाती न देता.